काय म्हणाली ती?

गेल्या महिन्यात मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी मनात हसले. हेडफोन लावून आवाज शोधायचं काम मी उभं आयुष्य करत आले, माझी काय परीक्षा घेता! शेवटी शेवटी मात्र काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे, आणि बटण दाबावं असं काही येईचना. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर दोन कानांच्या दोन रेघा, सुरुवातीला बऱ्यापैकी सरळ आणि पुढे उतारावर गाडी सुटावी तशा खाली गेलेल्या. ते म्हणाले, जाड आवाज तुम्हाला येतायत, बारीक जात चाललेत. कोणीतरी बोलतंय हे कळेल, काय बोलतंय ते कळायला जड जाईल. असलं दुखणं घराण्यातून येतं का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. माझ्या चंपाआत्याचे कान अगदी असेच गेले होते. आत्मचरित्र म्हातारपणी लिहावं म्हणतात. मी अजून म्हातारी नाही, पण माझे कान झाले, तेव्हा आत्याची ही गोष्ट आता लिहून टाकलेली बरी.

आमचं घर पलूसला. पुढं आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान, मागं आम्ही तिघं. घरात कायम कसला ना कसला आवाज. आण्णा सकाळी दुकान उघडलं की आधी अॅम्प्लिफायर लावायचे, मग माइकवर फुंकर मारायचे, मग ‘हॅलो, हॅलो, चेक’ असं सबंध गल्लीला ऐकवायचे, आणि मगच उदबत्ती. गावात साड्यांचा सेल लागला, कुस्त्यांचं मैदान ठरलं, नाहीतर कुणाची म्हैस हरवली, की आण्णांची रिक्षा फिरायची. टपावर दोन कर्णे, आत आण्णा, हातात माइक. वीस वर्षं असं ओरडून त्यांचा गळा पार बसला होता. आई रोज हळद घालून दूध द्यायची आणि म्हणायची, एक दिवस तुमच्या घशातनं नुसता वारा येईल. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळे ऊन कलतं झालं की तव्यावर धपाटी चढायची, कुटलेली शेंगदाण्याची चटणी ताटात पडायची आणि आण्णा कुठल्याही गल्लीत असले तरी कर्णा बंद करून घरी यायचे. धपाट्याच्या वासानं रिक्षा वळते, असं गल्लीत म्हणायचे.

चंपाआत्या आण्णांची थोरली बहीण. नदीकाठच्या एका गावात, ओढ्यापलीकडं मळ्यात एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. शेजारी एक म्हातारं जोडपं आणि दारात चंद्री नावाची म्हैस, एवढाच तिचा संसार. बाजाराच्या दिवशी एसटीनं यायची, येताना दह्याचं मडकं आणि खपली गव्हाचा रवा आणायची, आणि आली की उंबऱ्यातच माझ्या हनुवटीला धरून, ‘राजे, वाळलीस गं,’ म्हणायची. माझं नाव राजमती, पण तिनं मला कधी राजीच्या वर जाऊ दिलं नाही. तिला कमी ऐकू यायचं. हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. काही विचारलं आणि तिला कळलं नाही की उलट आमच्यावरच डाफरायची, की तुमीच पुटपुटता, त्वांड उघडून बोला की. आता माझी मुलगी मला बोलते तेव्हा मीही नेमकं हेच वाक्य फेकते, आणि फेकल्यावर जीभ चावते.

मी बारावीला होते त्या साली आण्णांनी सांगलीहून कॉम्प्युटर जोडून आणला. लग्नपत्रिका छापायच्या, लग्नाच्या सीड्या करायच्या, असे त्यांचे बेत. सोबत दुकानदारानं गळ्यात मारलेले स्पीकर होते. तळहाताएवढे दोन डबे टेबलावर आणि खाली जमिनीवर ठेवायचं एक लाकडी खोकं, त्याला निळा दिवा. त्या खोक्याला वुफर म्हणायचं. आण्णांनी तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवला, एक ढोलकीचं गाणं लावलं आणि बटण पार शेवटपर्यंत पिळलं. पहिला ठोका पडला तशी भिंतीपलीकडची भांड्यांची मांडणी किणकिणली. पुढच्या क्षणाला पीठभरल्या हातांनी आई बाहेर आली, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत रस्त्यावर घेऊन गेली. ‘बाहेर या, आवं बाहेर या,’ एवढंच ती आण्णांना ओरडत होती. आण्णा वुफर बंद करून दारात आले आणि हसायला लागले. गल्लीही हसली. आई हसली नाही. ती अनवाणी उभी होती, आणि माझं मनगट तिनं सोडलंच नव्हतं.

आई कोयनानगरची. तिचे वडील धरणाच्या कामावर होते, नंतर भाऊ तिथंच लागला. तिथल्या घरांत दाराला आतून कडी घालत नसत, हे ती एकदाच सांगून गप्प झाली होती. आधी आवाज येतो, मग जमीन हलते, आणि त्या दोहोंच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात बाहेर पडायचं, ही तिची लहानपणची शिकवण. वुफर तिच्या दृष्टीनं घरात पाळलेला भूकंपच होता. आण्णांनी समजूत घातली, की आगं, ह्यो आवाज खोक्यातला हाय, जमिनीतला न्हाई. आईनं काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वुफरखाली चार पदरी वाकळ घातलेली होती, आणि पुढं ती वाकळ कोणी काढली नाही. त्या काळात मला आईच्या भित्रेपणाची लाज वाटायची. मैत्रिणींना ती गोष्ट मी नक्कल करून सांगायचे.

मला त्या वुफरनं वेड लावलं. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या माइकवर मी एक दिवस गंमत म्हणून आण्णांचा साड्यांच्या सेलचा मजकूर वाचला, मागं संगीत घातलं, शेवटच्या शब्दाला घुमारा दिला, आणि लावून ऐकलं तर अंगावर काटा आला. ही मी? वुफरमधून माझा आवाज भरदार, जाणत्या बाईसारखा निघत होता. आण्णा तर खुर्चीतच बसले. त्या दिवसापासून त्यांनी ओरडणं सोडलं. मी घरी बोलायचं, सीडी करायची, रिक्षात लावायची. दोन-तीन महिन्यांत आसपासच्या गावांत माझा आवाज ओळखीचा झाला. आमचा सगळ्या कामांचा साचा एकच. सुरुवातीला सनई, मग खाली ढोलकीचा ठेका, वर मी, आणि शेवटी घुमारा. गिऱ्हाईकच म्हणायचं, एको वाढवा ताई, पैसे दिलेत आमी. चंपाआत्याला तर केवढं कौतुक. बाजाराला आली की स्पीकरच्या तोंडाशी कान लावून बसायची आणि लय ग्वाड आवाज हाय पोरीचा, म्हणून मान डोलवायची. काय ऐकलंस विचारलं, तर म्हणायची, तुला ऐकलं की.

एक गोष्ट मला टोचत होती. रिक्षा गल्लीतून जाताना माझा आवाज घरच्यासारखा येत नसे. नाक दाबून बोलल्यासारखा यायचा, त्यात ढोलकी नुसती भुरभुरायची. आण्णांना म्हणाले, कर्णेच जुने झालेत. आण्णा म्हणाले, सांगलीला जोग सर आहेत, रेडिओवर नोकरी करून निवृत्त झालेत, त्यांना दाखव. मी सीडी घेऊन गेले ती खरं सांगायचं तर शिकायला नव्हे, शाबासकी घ्यायला. विश्रामबागेत त्यांच्या घरामागे एक लहानशी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. टेबलावर दोन करडे स्पीकर, विटांवर ठेवलेले, ना दिवा ना चकाकी. सरांनी माझी सीडी लावली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा भरदारपणा गायब. आवाज पोरकट, घशात अडकलेला, मागं ढोलकीचा गोळा. मग त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. त्यात तर माझ्या बोलण्यामागं आईची कुकरची शिट्टी, बांगड्या, खुर्चीची करकर, एवढंच काय, मी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. इतके महागाचे स्पीकर आणि आवाज असा रुक्ष! मी ते बोलूनही दाखवलं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, घरचे स्पीकर वाईट नाहीत, माझ्याही हॉलमध्ये आहेत. संध्याकाळी गाणी ऐकायला, पिक्चर बघायला तेच हवेत. ते तुमचं मन राखतात, जाड आवाज आपल्या पदरचा घालून देतात. हे करडे पदरचं काही घालत नाहीत आणि लपवतही नाहीत, म्हणून यांच्यावर काम करायचं, मौज नाही. एवढं बोलून त्यांनी करडे बंद केले आणि टेबलाच्या कडेचा एक तिसराच, लाकडी डबीत बसवलेला वीतभर स्पीकर लावला, जुन्या रेडिओतून काढलेला. त्यावर माझी सीडी लावून खोलीचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात असलेल्या काकूंना हाक मारून विचारलं, ‘काय म्हणाली ती?’ काकू शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, कशाची तरी जाहिरात होती, कळलं नाही बाई. सर माझ्याकडे वळून म्हणाले, तुला मजकूर पाठ आहे, म्हणून तुझ्या कानाला सगळं कळतं. तुझे कान या कामाचे नाहीत. ज्याला मजकूर माहीत नाही त्याला, सगळ्यात भिकार स्पीकरवर, कामात असताना कळलं पाहिजे. ठेका काढ, घुमारा काढ. मी मान डोलावली, चहा प्यायले आणि एसटीत बसल्या बसल्या त्यांना मोडीत काढलं. म्हातारे झालेत, बातम्या वाचायच्या काळातले आहेत, त्यांना काय कळतंय सेलमधलं! घरी आल्यावर वुफर लावला, माझा भरदार आवाज ऐकला, आणि जिवात जीव आला.

त्यानंतरच्या श्रावणात पाऊस लागला तो आठवडाभर खळला नाही. घरात ओल्या कपड्यांचा वास, जळण दमट, आई पाणी उकळायला ठेवायची ते उकळता उकळत नसे. आमच्यात पाणी गाळून उकळूनच प्यायचं, त्यातून चातुर्मास. एका सकाळी कोयनानगरहून मामाचा फोन आला. तो आईशी नेहमी खुशालीचं बोलायचा, त्या दिवशी म्हणाला, दाजींना दे. धरणातनं पाणी वाढवतायत, वरचा पाऊस थांबत नाही, कृष्णाकाठी कुणी असेल तर हलवा. आई फोनजवळच भिंतीला टेकून खाली बसली. तासाभरात तलाठ्यांचा माणूस मजकुराची चिठ्ठी घेऊन आलाच. चार ओळी होत्या. नदीची पातळी वाढते आहे, ओढ्यापलीकडच्या वस्तीनं आज दिवस मावळायच्या आत गावात यावं, शाळेत सोय केली आहे, जनावरं सोबत आणावीत. आण्णा म्हणाले, राजे, बस. मी बसले. एका दमात वाचलं. नुसतं ऐकलं तर फार कोरडं वाटलं. असला कोरडा आवाज कोण ऐकणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, सरांचं बोलणं त्या वेळी आठवलं होतं. आठवलं, आणि मी नाक मुरडलं. सनई शोभणार नाही एवढी अक्कल होती, म्हणून तिच्या जागी गंभीर सुरावट घातली, खाली घुमणारा नगारा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी घुमारा. वुफरवर लावलं तर नगाऱ्यानं मांडणी किणकिणली. आई दारात उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, बघा, कसं पोचलं.

रिक्षा दुपारी बाराच्या सुमारास गेली. आण्णा स्वतः बरोबर होते. आत्याला घेऊन या, असं आई तीनदा म्हणाली. आण्णा म्हणाले, अजून चार गावं फिरायचीत, आक्का ऐकून येतीलच, राजीचा आवाज त्यांना झोपेतही कळतो. खरं म्हणजे रिक्षा ओढ्याच्या अलीकडंच थांबली, पलीकडं चिखल होता. कर्णे मळ्याकडं वळवून त्यांनी दोन वेळा सगळं लावलं आणि पुढच्या गावाला गेले. संध्याकाळी ते भिजून परत आले. शाळेत माणसं जमायला लागल्याचं बघून आले होते, त्यात आक्का असणारच, असं धरून चालले होते. धपाटी गार झाली तरी आईनं ताट वाढलं नाही. पहाटे आण्णा शाळेत गेले. आत्या नव्हती. ओढ्याला पाणी आलं होतं. आमच्याकडं नदी समोरून येत नाही, मागून येते. फुगवटा आधी ओढ्यात शिरतो, रस्ता बुडतो, आणि मळा नदी आणि ओढा यांच्या मध्ये अडकतो. काठावरून आत्याच्या घराचा स्लॅब दिसत होता आणि भोवती गढूळ पाण्याशिवाय काही नव्हतं, असं आण्णांनी येऊन सांगितलं. स्लॅबवर माणूस दिसलं का, असं आईनं विचारलं. पावसात दिसत न्हाई, म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही, पण भीती कशी असते ते सांगते. ती मोठ्यानं येत नाही. माझ्या कानात सारखा तो नगारा वाजायचा. पहिल्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या अंगणात एक जुना कर्णा जोडला आणि माझी सीडी लावली. मजकूर मला पाठ होता, तरी मी डोळे मिटले आणि मला तो माहीत नाही असं स्वतःला बजावलं. शेजारच्या मालनकाकू भिजलेलं जळण उलथत होत्या. त्यांना हाक मारून विचारलं, काकू, काय म्हणतोय स्पीकर? त्या म्हणाल्या, ‘कशाचा सेल लागलाय गं ह्या पावसात?’ मी कर्णा बंद केला आणि तिथंच पायरीवर बसले. आई येऊन शेजारी बसली. मी तिला म्हणाले, आई, मी आत्याला मारलं. आई म्हणाली, ‘बोलू नको असं. आवाज ऐक.’ ती खरंच ऐकत होती. मान कलती करून, कोयनानगरला लहानपणी ऐकत असेल तशी, पाण्याचा, पावसाचा, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज. त्या दिवशी मला कळलं, की भित्री म्हणून मी जिची नक्कल केली ती घरातली एकटीच बाई होती जिला ऐकता येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पोचली. आण्णा काठावरच होते. मला आणू नका असं त्यांनी बजावलं होतं, तरी मी गेले. बोटीतून तिघं उतरली. शेजारचं म्हातारं जोडपं, आणि कुणाच्यातरी खांद्याला धरून चंपाआत्या, अंगाला साडी चिकटलेली, केस सुटलेले. कोणीतरी तिच्या हातावर भडंग आणि केळं ठेवलं. ती म्हणाली, उकळलेलं पाणी हाय का, न्हाईतर ऱ्हाऊ दे. दोन दिवस स्लॅबवर काढून आलेली बाई काठावर उभं राहून उकळलेलं पाणी मागत होती, आणि आण्णा हमसून हमसून रडत होते. मला बघितल्यावर तिचा चेहरा उजळला. तिनं माझी हनुवटी धरली.

‘राजे, तुझा आवाज आला बग,’ ती म्हणाली. ‘शेजारच्या नानालाबी सांगितलं, आमची पोरगी हाय. कुठंतरी मोठा सेल लागलाय म्हणलं. दोघं बी बसलो ऐकत.’

मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, आता गं काय झालं? तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं, की तो सेल नव्हता, तुम्हाला घर सोडा म्हणून सांगत होते. माझ्या तोंडाकडं बघत तिनं ते ऐकलं. मोठ्यानं सांगावं लागलं, दोनदा. मग तिनं माझी हनुवटी सोडली. रागानं नव्हे, हात गळाला. म्हणाली, ‘चंद्रीचं दावं सोडाय गेले म्या. कमरंपातूर पाणी. गाठ फुगली व्हती गं भिजून. सुटंना. इळा घरात, आन घरात पाणी.’ आणि मग, ‘लय वरडली.’ एवढं म्हणून ती बोटीकडं बघत राहिली. तिच्या जवळपास बहिऱ्या कानांना चंद्रीचं ओरडणं मात्र नीट ऐकू गेलं होतं. ते जाड असतं.

आत्या नंतर कायमची आमच्याकडंच राहिली. मला कधी शब्दानं बोलली नाही. मी कधी काही रेकॉर्ड करायला बसले की उठून मागच्या अंगणात जायची, आणि गल्लीत कुठलाही कर्णा वाजला, मग तो साबणाचा असो की सर्कशीचा, की रस्त्यावर येऊन भेटेल त्याला विचारायची, काय म्हनतोय त्यो? पाणी हाय का? मरेपर्यंत विचारत होती. लोक हसायचे. मी आत बसून ते ऐकायचे.

पूर ओसरला, चिखल निघाला, तशी मी सांगलीला गेले. सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, सांगितलं होतं ना. त्यांनी फक्त विचारलं, म्हातारी जिवंत आहे का? आहे म्हटल्यावर काकूंना चहा टाकायला सांगितला आणि करड्या स्पीकरांसमोरची खुर्ची माझ्याकडं सरकवली. पुढची काही वर्षं मी त्या खुर्चीत होते. तिथं काय काय शिकले ते फार आहे. माइक तोंडापासून किती वीत धरायचा, दोन शब्दांत श्वासाएवढी जागा कशी सोडायची, जाड आवाज कुठून कापायचा म्हणजे कर्णा तो फोडणार नाही. पण शिक्षण एकच. रोजचं काम झालं की करडे बंद, लाकडी डबी सुरू, दार उघडं, आणि काकूंना प्रश्न. काकूंना कळलं नाही तर परत. एकदा एका देवळाच्या जत्रेचा पुकारा आम्ही नऊ वेळा केला. काकू कंटाळून म्हणाल्या, आता मला पाठ झालं, आता शेजारणीला विचारा. सरांनी खरंच शेजारणीला बोलावलं.

तो वुफर अजून पलूसच्या त्याच घरात, माझ्या हॉलमध्ये आहे, त्याच वाकळीवर. रविवारी त्यावर गाणी ऐकते, जाड आवाज पदरचा घालून देतो, छान वाटतं. वरच्या खोलीत माझे स्वतःचे करडे स्पीकर आहेत, आणि कडेला सरांची लाकडी डबी, ती त्यांनी मला दिली. आता वर मी फारशी जात नाही. करड्यांवर खरं ऐकायला खरे कान लागतात, आणि माझ्या रेघा तुम्ही वाचल्याच आहेत. काम आता माझी मुलगी बघते, अनघा. आवाज तिचाही चांगला आहे, आणि ठेका घालायची खोड तिलाही आहे. लहान आहे, जाईल.

या पावसाळ्यात तलाठी कार्यालयाचा मजकूर तिच्या मोबाइलवर आला. ती मला म्हणाली, आई, बघतेस का? मी म्हणाले, दाखवू नकोस. तिला आधी कळलं नाही, मग कळलं. तिनं वर जाऊन रेकॉर्ड केलं, ठेका नाही, घुमारा नाही, आणि लाकडी डबी खिडकीत ठेवून लावली. मी मागच्या अंगणात शेंगा सोलत बसले होते, डबीकडं पाठ करून. कान टवकारले नाहीत, मुद्दाम नाही. हात चालू ठेवले. भीती वाटत होती, हे कशाला लपवू. एक दिवस येईल, की अनघा सगळं नीट करेल आणि तरीही मला कळणार नाही, आणि मग दुसरं कोणीतरी शोधावं लागेल. तो दिवस हाच असेल का, असं वाटत होतं. आवाज थांबला. अनघा खिडकीत आली.

‘आई, काय म्हणाली ती?’

मी शेंगा खाली ठेवल्या आणि सांगितलं. नदी वाढते आहे. ओढ्यापलीकडच्या सगळ्यांनी दिवस मावळायच्या आत निघायचं. शाळेत सोय आहे. गावाचं नाव मला नीट लागलं नाही, ते परत म्हण, सावकाश म्हण. अनघानं लिहून घेतलं. मग म्हणाली, आणि शेवटची ओळ? ती तलाठ्यांच्या मजकुरात नसते. ती मी त्या पुरानंतर दर वर्षी घालायला लावते, आणि ती मला पाठ आहे, म्हणून ती कळली असं मला म्हणता येत नाही. मी अनघाला म्हणाले, ती मालनकाकूंना विचार. मालनकाकू आता खूप थकल्यात, पलीकडच्या ओसरीत बसून असतात. अनघानं कुंपणाशी जाऊन विचारलं. काकूंनी थोडा विचार केला आणि मोठ्यानं, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

‘म्हनली, जनावरांची दावी कापा. सोडत बसू नका.’